हळदीची पट्टी

एकेकाळी एका शाळेच्या प्रयोगशाळेत कसरीने दोन बाटल्यांची लेबले खाल्ली. एकीत आम्ल होते, दुसरीत चुन्याची निवळी. दिसायला दोन्ही पाण्यासारखी. कोणती कुठली कळेना, म्हणून बाई दोन्ही ओतून टाकायला निघाल्या.

"पीएच मीटरदादा, वाचवा!" बाटल्या ओरडल्या.

"माझा सेल संपलाय," मीटर पुटपुटला.

मुलांनी बनवलेली हळदीच्या कागदाची पट्टी म्हणाली, "मी बघू?"

"तू? जा, फोडणीत पड!" मीटर हसला.

पट्टीने एक टोक पहिल्या बाटलीत बुडवले. ते पिवळेच राहिले. दुसरे टोक दुसरीत बुडवताच साबण लागलेल्या हळदीच्या डागासारखे लालभडक झाले.

"ही निवळी!" बाई आनंदाने म्हणाल्या. त्यांनी नवी लेबले चिकटवली आणि पट्टी सूचनाफलकावर दिमाखात टाचली.

"ताई," खालून मीटर हळूच म्हणाला, "माझ्या सेलचंही बाईंच्या कानावर घाल ना!"