मैनेची तिसरी हाक

मुलांनो, एका माळरानावर भर उन्हाळ्यातही न आटणारा एकच पाणवठा होता. तिथली भांडणे सोडवायला साळू म्हणजे साळिंदर, ससा, कोल्हा आणि सांबर असे चार पंच नेमले होते. याच क्रमाने एकेकाने एकेक दिवस काठावर बसायचे, असे ठरले होते. पण "मला वाटलं, आज तुझी पाळी," असे म्हणून जो तो अंग काढून घेई आणि साळूच रोज उन्हात बसे. एकदा ती तापाने फणफणली. त्या दिवशी काठावर कोणीच नव्हते. रानडुकरांच्या रेटारेटीत हरणाचे पाडस तुडवले जाता जाता वाचले. हे ऐकून साळूच्या जिवाला फार लागले.

तिने एका मैनेला गाठले. ऐकलेले हुबेहूब बोलण्यात मैनेचा हातखंडा होता. साळूने तिच्याकडून चौघांच्या पाळ्या पाठ करून घेतल्या. मग रोज सकाळी मैना ज्याच्या त्याच्या दारात ओरडू लागली, "उठा, आज तुमची पाळी!"

कोल्ह्याने मात्र तिला हळूच पढवले, "मैनाताई, उद्या माझ्याऐवजी सशाला हाक मार हं." भोळी मैना तसेच बोलली आणि ससा सलग दोन दिवस काठावर ताटकळला. सांबर हसून म्हणाले, "साळूबाई, पाखराच्या भरवशावर का कुठे कारभार चालतो?"

"चूक पाखराची नाही, माझ्या शिकवण्याची आहे," साळू म्हणाली. तिने मैनेला पुन्हा बसवून शिकवले, "पाळीची अदलाबदल दोघे मिळून सांगतील तरच ऐकायची. आणि तीन हाकांत जो येणार नाही, त्याच्या पुढच्याला बोलवायचे."

चारच दिवसांनी गव्यांचा कळप आणि रानडुकरे एकाच वेळी पाण्यावर आली. शिंगे रोखली गेली, सुळे परजले गेले. पाळी कोल्ह्याची होती आणि तो करवंदीच्या जाळीत घोरत होता. मैनेने एक हाक मारली, दुसरी मारली, तिसरी मारली आणि थेट सांबराकडे झेप घेतली. "कोल्हा आला नाही! सांबरदादा, आता तुमची पाळी!" सांबर धावत येऊन मधोमध उभे राहिले. "पाणी कुठे पळून जात नाही! आधी लेकुरवाळ्या, मग गवे, मग डुकरे!" शिंगे खाली झाली. सगळे पोटभर पाणी प्याले, कोणाला ओरखडाही उठला नाही.

"साळूबाईंचा विजय असो!" काठ दुमदुमला. सांबराचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मैना ही बातमी सांगायला साळूच्या बिळाशी गेली, तर त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच साळू भर दुपारी गाढ झोपली होती.

तात्पर्य : सगळ्यांचे म्हटलेले काम कोणीच करत नाही, पाळी नेमून दिली आणि हाक चोख ठेवली, तर एकट्याच्या पाठीवर भार पडत नाही.