पुतळ्यापुढची फिर्याद

विरजगड संस्थानात कैलासवासी महाराजांचा दगडी पुतळा उभा राहिला आणि दिवाणांनी हुकूम काढला, "हा पुतळा म्हणजे साक्षात महाराज!" पुढ्यातून वहाणा घालून गेला म्हणून ठकूबाई रंगारणीच्या नवऱ्याला भर चौकात फटके बसले. मग चौक रुंद करायला तिचं घरही पाडायचं ठरलं.

मजूर कुदळी घेऊन आले तेव्हा ठकूबाई पुतळ्याच्या पायाशी ठाण मांडून बसली होती. गावही जमलं होतं.

"ऊठ!" दिवाण ओरडले.

"महाराजांकडे फिर्याद घातलीय. त्यांचा निकाल होईपर्यंत माझ्या घराला हात लावायचा नाही."

"अगं मूर्ख बाई, दगड कधी निकाल देतो का?"

ठकूबाई ताडकन उठली.

"दगड? दगड असेल, तर आमच्या धन्याची पाठ कशापायी फोडलीत? आणि महाराज असतील, तर त्यांना दगड म्हणणाऱ्याला फटके किती, तेही आता सांगा!"

कुणीही हसलं नाही. सगळा चौक दिवाणांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. अखेर दिवाण मजुरांवरच खेकसले, "बघता काय? चला माघारी!"

ते दिसेनासे होईपर्यंत ठकूबाई जागची हलली नाही.