हिरव्या काचेचा घास

पूर्वी शोणावती नगरात सोमकीर्ती राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हत्तीच्या जन्माला आला होता. त्या दिवशी माघी पौर्णिमा होती. राजवाड्यातले घटिकापात्र बुडाले, सूर्योदयानंतरच्या तिसऱ्या घटकेचा टोला पडला, आणि बरोबर त्याच वेळी वेणा नावाची एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन हत्तीवनाच्या दारात येऊन उभी राहिली. गोष्ट तिथून सुरू होते.

हत्तीवन म्हणजे नगराबाहेर नदीच्या वळणावर राखून ठेवलेले रान. राजाच्या लढायांत जे हत्ती लंगडे झाले, आंधळे झाले, म्हातारे झाले, त्यांना तिथे मोकळे सोडले होते. रानाभोवती खोल चर होता. आत तळे होते, वडाची झाडे होती आणि एक मोठी अन्नशाळा होती. एरवी अन्नशाळेतली माणसेच हत्तींचे खाणे करीत. माघी पौर्णिमेला मात्र नगरातल्या कुणीही यावे आणि आपल्या हाताने घास करून हत्तींना द्यावा, अशी राजाची आज्ञा होती. ज्यांच्या पाठीवर बसून आपण वाचलो त्यांना वर्षातून एक दिवस तरी आपल्या हातचे मिळावे, असे राजाला वाटे.

या हत्तींमध्ये सर्वांत थोर होता धवलकर्ण. वयामुळे त्याच्या कानांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. हाच बोधिसत्त्व. एका लढाईत त्याने जखमी राजाला पाठीवर घेऊन पुराची नदी पार केली होती. तेव्हा राजा म्हणाला होता, "काय हवं ते एकदा माग. नाही म्हणणार नाही." धवलकर्णाने अजून काही मागितले नव्हते. तो काय मागणार, हे मात्र साऱ्या नगराला ठाऊक होते. रोज संध्याकाळी तो चराच्या काठाशी जाऊन पलीकडच्या निळ्या डोंगराकडे बघत राही. त्या डोंगरातल्या रानात तो जन्मला होता. अंगात चालण्याचे बळ आहे तोवर आपण तिकडे जायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. हा पावसाळा सरला की मागू, असे म्हणता म्हणता वर्षे गेली होती, आणि आता त्याचे गुडघे कुरकुरू लागले होते.

वेणा तिथे आली होती ती नवस फेडायला. तिची मुलगी कलिका थंडीभर तापाने फणफणत होती. नवरा देवल व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर दूर गेलेला. घरात दुसरे कुणी नाही. अशा वेळी आईच्या मनात काय काय येते ते सांगायला नको. मूल झोपले तरी ती नाकाशी बोट धरून श्वास बघे. तेव्हा ती म्हणाली होती, हिला बरे वाटू दे, मी माघी पौर्णिमेला माझ्या हाताने हत्तींचे घास करीन. ताप उतरला. पण पोरीची भूक गेली ती गेलीच. दोन घासांत तोंड मिटायची.

दारात एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. ती प्रत्येकाला सांगत होती, "हात धुवा, आणि अंगठ्या-बांगड्या इथे टोपलीत काढा. जाताना परत घ्या."

वेणाने हात मागे घेतला. नवरा परदेशी, आणि आपण हात रिकामे करायचे? तिच्या जिवाला ते पटेना. ती म्हातारीची नजर चुकवून बाजूला झाली. हातातल्या हिरव्या बांगड्या तिने दंडापर्यंत वर सरकवल्या, त्यावर पदराची चिंधी घट्ट बांधली आणि आत गेली. एवढ्याशा गोष्टीने काय होणार, असे तिला वाटले. आपल्याला सगळ्यांनाच कधी ना कधी असे वाटते.

अन्नशाळेचा प्रमुख भद्रक नावाचा म्हातारा आचारी होता. तीस वर्षे तो हत्तींसाठी रांधत होता. केळीच्या पानांवर वाफाळता भात पसरला होता. कुणी गूळ फोडत होते, कुणी ऊस तोडत होते, कुणी केळीचे खांब चिरत होते. भात हाताला सोसेल इतका निवला की काठवटीत घ्यायचा, त्यात गूळ, मीठ आणि तिळाचे तेल घालून मळायचा, नारळाएवढा गोळा वळायचा आणि ओल्या गवतात गुंडाळायचा. शेवटी आपल्या वस्त्राचा एक दोरा काढून त्याने गवत बांधायचे. लढाईच्या दिवसांत शत्रूने घासातून हत्तींना विष घातले होते. कुणाच्या हातचा घास ते कळावे म्हणून तेव्हापासून ही दोऱ्याची रीत पडली होती.

वेणाने पहिला गोळा वळला तेव्हा भद्रक हसला. "बाई, जावयाला लाडू वाढायचाय का? हा तर त्याच्या दाताच्या फटीत राहील."

"पोरीच्या मापाची सवय आहे, बाबा," वेणा म्हणाली.

"हत्तीला त्याची आई भरवते?" कलिकेने विचारले.

"आज त्याला दोनशे आया आहेत," भद्रक म्हणाला. "आणि तो तुझ्यासारखं तोंड फिरवत नाही."

वेणाचे हात चालू लागले. भात ऊन होता, गुळाचा वास सुटला होता, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या छातीवरचे ओझे हलके झाले होते. एवढ्यात तिने मान वर केली तर कलिका शेजारी नव्हती. ती थेट हत्तींच्या बाजूला धावत निघाली होती. वेणा तशीच उठली, काठवटीवरून वाकली आणि पोरीचा हात धरून तिने तिला मागे ओढले. त्या झटक्यात तिचा दंड काठवटीच्या काठावर आपटला आणि चिंधी सरकली. बारीक आवाज झाला. पण त्या क्षणी पोरीशिवाय तिला काहीच दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते.

पोरीला पाठीशी बसवून तिने पुन्हा भात मळला, गोळे वळले, दोरे बांधले. टोपल्या भरल्या आणि माणसे त्या उचलून घेऊन गेली. मग हात धुताना वेणाने चिंधी सोडली. एक बांगडी वाढली होती. तिने तुकडे हातावर जुळवून पाहिले. दोन तुकडे होते. बोटाच्या पेराएवढा तिसरा नव्हता.

तिने जमीन पाहिली, पाने उलटली, काठवट चाचपली. तुकडा मिळाला नाही. मातीत गेला असेल, तिने मनाला सांगितले. मन ऐकेना.

तेवढ्यात गजाध्यक्ष दृढसेनाचा आवाज आला. हत्तींवरचा हा मुख्य अधिकारी दर माघी पौर्णिमेला नियम वाचून दाखवी. "ज्याच्या हातच्या घासाने हत्तीला अपाय होईल, त्याने त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत अंगावरच्या वस्त्रानिशी नगर सोडावे. धवलकर्णाने टाकलेला घास फोडून पाहिला जाईल."

वेणाने पोरीला जवळ ओढले. नुकत्याच तापातून उठलेल्या पोरीला घेऊन माघाच्या थंडीत कुठे जायचे? आणि देवल परत येईल तेव्हा त्याला घराला कडी दिसेल. तिने ओठ घट्ट मिटले.

हत्तीवनात एक शिस्त होती. पहिला घास धवलकर्णाचा. त्याने तो गिळला की मगच बाकीचे सोंड पुढे करीत. राजा सोमकीर्ती येऊन बसला. भद्रकाने टोपलीतला वरचा गोळा उचलून धवलकर्णाच्या तोंडात दिला.

बोधिसत्त्वाने घास दाबला, आणि त्याच्या जिभेत काच रुतली.

तो थांबला. समोरच्या गर्दीत एक बाई दंड दाबून धरून उभी होती. तिच्या कडेवर एक सुकलेले पोर होते आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. त्याला सगळे कळले. त्याने विचार केला, 'घास थुंकला तर दोरा ओळखून हिला हाकलून देतील. गिळला तर बाकीचे खायला लागतील, आणि त्यांच्या घासांत आणखी तुकडे असले तर? माझ्या शेजारचा मंदार आंधळा आहे, तो चावतही नाही, तसाच गिळतो.' म्हणून त्याने घास गिळलाही नाही आणि टाकलाही नाही. तो तोंड मिटून स्वस्थ उभा राहिला. त्याच्या मनात राग नव्हता. हिला थोडा वेळ मिळू दे, एवढेच त्याच्या मनात होते.

एक घटका गेली. शंभर हत्ती भुकेले उभे होते, टोपल्या तशाच होत्या. दुसरी घटका गेली. लोक कुजबुजू लागले.

दृढसेन भद्रकाकडे वळला. "तीस वर्षांत असं झालं नव्हतं. काय घातलंस भातात?"

म्हाताऱ्याने टोपलीतला एक गोळा फोडून चाखला. त्याला काही कळले नाही. पण त्याने एकदा भोवती जमलेल्या बायाबापड्यांकडे पाहिले आणि मान खाली घातली. "मीठ जास्त पडलं असेल. हात म्हातारा झाला, साहेब. जे असेल ते माझं. या लोकांना धरू नका."

"मग नियम तुला ठाऊक आहे," दृढसेन म्हणाला.

"मीच तर तीस वर्षं ऐकतोय तो," भद्रक म्हणाला, आणि त्याने कमरेचे फडके सोडून नीट घडी घालून काठवटीवर ठेवले.

ती घडी पाहिली आणि वेणाला राहवेना. आपल्या पोरीसाठी आपण दुसऱ्याच्या म्हातारपणावर पाय ठेवतो आहोत, हे तिला दिसले. ती पुढे आली.

"बाबांचं काही नाही. चूक माझी आहे. दारात बांगड्या काढल्या नाहीत, दंडावर लपवल्या. एक वाढली. दोन तुकडे माझ्याजवळ आहेत, तिसरा त्या घासात असेल. एकच आहे. आणखी तुकडे कुठे नाहीत."

तिने हात पुढे केला. तळव्यावर दोन हिरवे तुकडे होते. धवलकर्ण दोन पावले चालून आला. त्याने घास खाली टाकला, सोंडेचे टोक तोंडात घातले आणि जिभेत रुतलेला तिसरा तुकडा काढून हलकेच तिच्या तळव्यावर ठेवला. तो लाल झाला होता. तिन्ही तुकडे जुळून पूर्ण बांगडी झाली.

"आई, हत्तीला लागलं," कलिका म्हणाली.

"महाराज, बाई खरी बोलली," दृढसेन म्हणाला. "पण नियमात खऱ्याखोट्याचा भेद नाही. तिला जावं लागेल."

तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने बोलला. "महाराज, तुमच्याकडे माझं एक मागणं शिल्लक आहे."

राजाचा चेहरा उजळला. "सांग. त्या डोंगरापर्यंत मी स्वतः तुझ्याबरोबर चालत येतो."

"डोंगर नको. नियम बदला. घास गळ्याखाली उतरायच्या आत जो आपली चूक सांगेल, त्याला शिक्षा नसावी. आज ही बाई गेली, तर पुढच्या वर्षी ज्याच्या हातून चूक होईल तो गप्प बसेल. मग काच कुणाच्या पोटात गेली ते आम्हाला तो मेल्यावरच कळेल."

राजा म्हणाला, "तुला एकदाच मागता येणार होतं. पुन्हा डोंगर मागता येणार नाही."

"डोंगर कुठे जात नाही, महाराज. ही बाई मात्र दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर गेली असती."

राजाने त्याच जागी नियम बदलला. दृढसेनाने तो पुन्हा वाचून दाखवला, आणि या वेळी वाचताना त्याचा आवाज जरा मऊ होता. भद्रकाने घडी उलगडून फडके पुन्हा कमरेला गुंडाळले. वेणाचे सगळे गोळे फोडून पाहिले, कशातच काही नव्हते. मग धवलकर्णाने तिच्यासमोर तोंड उघडले. तिने नवा घास वळून दिला, आणि त्याने तो सर्वांसमोर गिळला. शंभर सोंडा पुढे आल्या.

हत्तींचे झाल्यावर तोच गुळाचा भात लोकांना पानावर मिळाला. कलिकेने आपण होऊन तोंड उघडले. "मी पण हत्ती," ती म्हणाली, आणि पान पुसून खाल्ले. तिला खाताना बघून वेणा पोटभर रडली.

पुढच्या माघी पौर्णिमेपासून दारातल्या म्हातारीजवळ टोपलीबरोबर हळदीच्या दोऱ्यांची गुंडी असे. ही युक्ती भद्रकाची. बांगड्या काढल्या की म्हातारी मनगटाला पिवळा दोरा बांधी, म्हणजे हात रिकामे वाटत नसत. मग कुणी बांगड्या लपवल्या नाहीत.

आणि देवल. तो परत आला तेव्हा घर उघडे होते. झाले ते ऐकून तो इतकेच म्हणाला, "आमचा तांडा त्या डोंगरावरूनच जातो." त्यानंतर दर खेपेला तो तिथल्या बांबूची एक कोवळी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणी. धवलकर्ण ती लगेच खात नसे. संध्याकाळभर सोंडेजवळ धरून, डोळे मिटून, चराच्या काठाशी उभा राही. मग खाई. तो कधी डोंगरावर गेला नाही, पण कुणी त्याला उदास पाहिले नाही.

ही गोष्ट तथागतांनी सांगितली ती उत्पला उपासिकेसाठी. भिक्षूंच्या पेजेत तिच्या हातून खडा गेला होता आणि भीतीने तिला सांगवत नव्हते. गोष्ट ऐकून तिने ते सांगितले. तेव्हा तथागत म्हणाले, "त्या वेळची वेणा हीच उत्पला. भद्रक आचारी म्हणजे आमचा भिक्षू आनंद. सोमकीर्ती राजा म्हणजे सारिपुत्त. आणि धवलकर्ण हत्ती तो मीच होतो." ज्या गुणाने बोधिसत्त्वाने तोंडातली काच शांतपणे सोसली आणि मनातला डोंगर सोडला, त्या गुणाचे नाव करुणा.

तुमच्या शेजारी कुणी चूक करून गप्प बसले असेल, पोर असो की मोठे माणूस, तर त्याला रागावण्याआधी ही गोष्ट सांगा. आणि ज्याला सांगाल त्याला म्हणा, पुढे आणखी एकाला सांग.