गाढवाने दाखवलेलं पाणी

“राजाला पाणी दाखवायचं नसतं रे, राजाला तो किती मोठा आहे ते दाखवायचं असतं. मग तो दगडातही पाणी बघतो!”

पाणाड्या गहिनाजी मेहुण्याच्या कानात हे कुजबुजला, तेव्हा राजवाड्याच्या मागच्या पडवीत हौसा रांजण उतरवत होती. कुंभाराची नवी सून. नव्या सुनेला तोंड नसतं हे सगळ्यांना ठाऊक. तिला कानही नसतील, असं गहिनाजीने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

विहिरीसाठी पाणी शोधायला तळहातावर नारळ आडवा ठेवून तो गावभर फिरला होता; पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो म्हणे. नारळ उभा राहिला नेमका हौसाच्या सासऱ्याच्या आव्यावर, जिथे सगळ्या गावाची मडकी भाजली जात. महाराजांना नवी विहीर सज्जातून दिसायला हवी होती, आणि सज्जातून दिसत होती तेवढीच जागा!

दरबारात सासरा रामजी रडकुंडीला आला. “आवा मोडला तर आम्ही खायचं काय, महाराज?”

गहिनाजी पुढे सरसावला. “एकवीस गावं माझ्या शब्दावर खणतात! तुमच्यासारख्या सूर्यालाच हे कळायचं, कुंभाराला काय कळणार? आणि शंका घेतली, की पाणी आटतं!”

महाराज खुलले. “रामजी, दिवस मावळायच्या आत, मूठभरही माती न खणता दाखव, की इथे पाणी नाही. नाहीतर उद्या कुदळ पडलीच म्हणून समज!”

रामजीच्या मागे हौसा उभी होती. ती बाहेर गेली आणि गाढव घेऊन आली. थेट दरबारात!

“मामंजी, मी बोलू?” रामजीने कशीबशी मान हलवली.

“महाराज, आमचं गाढवही पाणाड्या आहे. त्याने पाणी दाखवलंय, तुमच्या सिंहासनाखाली! कुदळी मागवा.”

“सिंहासन खणू? कोण म्हणतं?”

“एकवीस गावची गाढवं म्हणतात! तुमच्यासारख्या सूर्याला लगेच पटायचं; न पटायला तुम्ही काय कुंभार आहात? आणि शंका घेऊ नका हं, पाणी आटतं!”

“हा काय पुरावा झाला?” गहिनाजी ओरडला.

“काय कमी पडलं, काका? बोलणं सगळं तुमचंच आहे. नारळ तेवढा आणायचा राहिला.”

महाराजांनी एकदा गहिनाजीच्या हातातल्या नारळाकडे पाहिलं, एकदा गाढवाकडे, आणि असे खदखदून हसले की पगडी कानावर आली. “आवा तुमचाच! आणि राजवाड्याचे रांजण यापुढे रामजीच घडवणार! गहिनाजी, तो नारळ फोड आणि सगळ्यांना खोबरं वाट! पण पोरी, माझ्या विहिरीचं काय?”

हौसाने गाढवाचा दोर आवळला.

“ओढ्याच्या वळणावर खणा, महाराज. मी रोज तिथनं माती आणते, वैशाखातही हाताला ओली लागते. सज्जातून दिसायची नाही. पण शंका खुशाल घ्या, पाणी आटणार नाही!”