कोकरांत न झोपलेली पिल्लं

माळावर लांडगे फिरायचे त्या काळची गोष्ट. मेंढवाड्यातल्या कुत्र्यांची एक रीत होती. पिल्लांना आधी कोकरांत झोपवायचं. जे पिल्लू कोकराला चावेल, त्याला राखणीला ठेवायचं नाही.

एका साली लांडगे फार माजले. म्होरक्या कुत्रा झिपऱ्या म्हणाला, "आता कसली पारख करत बसता? दात आले की पुरे!"

"झिपऱ्या, दात सगळ्यांनाच येतात," पिल्लं सांभाळणारी म्हातारी मैना म्हणाली. "आपलं कोण, ते शिकवावं लागतं."

त्यानं ऐकलं नाही. दात आलेली पिल्लं पारख न करताच राखणीला लावली.

एका सकाळी धुक्यात काहीतरी हललं आणि नवी कुत्री तुटून पडली. धुकं विरलं, तेव्हा लांडग्याचा मागमूसही नव्हता. कोकरं मरून पडली होती.

झिपऱ्याची मान वर होईना. नवी कुत्री मात्र शेपट्या हलवत, शाबासकीसाठी त्याच्याकडे बघत होती.