झिलूचं इंग्रजी

खाडीकाठच्या एका गावात झिलू नावाचा एक भोळा गडी होता. किती भोळा? दारावर लक्ष ठेव म्हटलं की दाराकडे बघत बसायचा. मागच्या खिडकीतून चोर शिरला तरी मान वळवायचा नाही.

आबा मास्तरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. झिलू तिथे कामाला लागला. रावजी तांडेलाची मुलगी सुगंधा त्याला फार आवडायची. पण रावजीने साफ सांगितलं होतं, आधी नोकरी कायम, मग लग्न. आबा म्हणाले, पहिला गोरा साहेब येतोय, तो खूश होऊन गेला की तुला कायम करतो. झिलूने तीनशे इंग्रजी शब्द घोकले आणि कंबर कसली.

साहेब आला तो भुकेने कासावीस. इंग्रजीत म्हणाला, "आत्ता मी अख्खा घोडा खाईन."

झिलू धावत किनाऱ्यावर गेला. पोरांना फेरी मारून आणणारा घोडा त्याने ओढत आणून ओट्यावर चढवला आणि विचारलं, भाजून देऊ की रश्शात?

आबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "अरे, इंग्रजीत ती बोलायची रीत आहे. म्हणजे भूक लागलीय. जेवायला वाढायचं."

"समजलं," झिलू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाला, माझ्या घशात बेडूक आहे. झिलू गालात हसला. आता तो फसणार होता थोडाच! त्याने परातभर भात आणि लालभडक बांगड्याचं तिखलं साहेबापुढे ठेवलं आणि शेवटचा घास जाईपर्यंत आग्रह केला. साहेबाचा उरलासुरला आवाजही गेला.

आबा म्हणाले, घसा बसला की असं म्हणतात. मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावायच्या.

"समजलं," झिलू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी साहेबाला होडीत बसायचं होतं. पाण्याकडे बघून म्हणाला, पोटात फुलपाखरं उडताहेत. झिलूने तांब्याभर मिठाचं पाणी त्याच्या तोंडाला लावलं. फुलपाखरं पोटात आहेत म्हणून गिळायलाच लावलं. त्यानंतर साहेबाच्या पोटात काही राहिलं नाही.

आबांचा संयम सुटत आला. तरी मास्तर ते मास्तर. त्यांनी झिलूला समोर बसवलं. साहेब घाबरला होता, पाठीवर हात ठेवून धीर द्यायचा होता, हे सांगितलं. मग म्हणाले, "शब्दांना धरून बसू नकोस, बाबा. माणूस बोलतो एक, त्याच्या मनात असतं दुसरं. ते ओळखायला शीक."

"आता पक्कं समजलं," झिलू म्हणाला.

चौथ्या दिवशी साहेब न्हाणीघरातून टॉवेल सावरत, बोंबलत बाहेर आला. आत साप आहे, साप! झिलूने मनातलं ओळखलं. त्याने साहेबाच्या पाठीवर प्रेमाने हात ठेवला, भिऊ नका म्हणाला, पुन्हा न्हाणीघरात नेऊन पाटावर बसवला आणि बाहेरून कडी घातली.

आत हातभर लांबीचं फुरसं होतं. साहेब खिडकीतून उडी मारून जो पळाला, तो सामान घ्यायलाही परतला नाही.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "झिलू, नीघ. उद्यापासून कामावर येऊ नकोस."

झिलूने त्यांच्या पाणावल्या डोळ्यांकडे बघितलं. मास्तर बोलतात एक, मनात काय आहे ते दिसतंय की! त्याचंही मन भरून आलं. तो पेढे घेऊन थेट रावजीच्या घरी गेला आणि नोकरी कायम झाल्याचं सांगितलं.

रावजीला शंका आली. आबा नेमके काय म्हणाले, ते त्याने विचारलं. झिलूने शब्द न् शब्द सांगितला.

रावजी ताडकन उठला. म्हणाला, "मेलास तरी माझी मुलगी तुला द्यायचा नाही."

झिलूने लगेच वाकून त्याचे पाय धरले.

"मामा," तो म्हणाला, "मग मांडव कधी घालायचा?"