शेवरगावची झाकलेली कमान

शेवरगावची जुनी मशीद काळ्या दगडाची आहे; पांढरी आहे ती फक्त पुढची कमान आणि तिच्यासमोरचे अंगण. ऊन चढू लागले की कमानीवरून काळी घोंगडी सोडतात, अंगणावरही अंथरतात. आम्ही पोचलो तेव्हा तेच चालले होते. मशिदीची देखरेख करणारे वृद्ध इमामचाचा ओरडले, "फोटो राहू द्या, साहेब! आधी सावलीत या. दगड कुठे पळून जातोय?" आत टेकल्यावर त्यांनी हकीकत सांगितली.

फार पूर्वी इथल्या किल्लेदाराची एकुलती एक मुलगी रुकैया देवीच्या आजारातून वाचली, पण तिचे डोळे सुजून बंद झाले. हकिमाने औषध घालून पट्टी बांधली. बापाने याच मशिदीत मन्नत मागितली : मुलीला दिसू लागले तर तिची पहिली नजर अल्लाच्या या घरावरच पडेल. ते घर नजरेत भरावे म्हणून त्याने मकराण्याहून बैलगाड्या भरून संगमरवर आणवला, त्याची ही कमान आणि अंगण बांधले आणि आरशासारखे घासून घेतले.

पट्टी दिवेलागणीनंतर, अंधाऱ्या खोलीतच सोडा, असे हकिमाने बजावले होते म्हणे. पण मन्नत फेडायची ती साऱ्या गावासमोर, असे किल्लेदाराच्या मनाने घेतले. शुक्रवार होता, चैत्राचे ऊन. भरदुपारी मुलीला अंगणाच्या मधोमध उभे करून त्याने स्वतःच्या हाताने गाठ सोडली.

"अब्बा, किती पांढरं!" ती हसून म्हणाली. गावात एकच गलका झाला. मग तिने चाचपडत बापाची बाही धरली.

"अब्बा, बाकीचं केव्हा दिसणार?"

बाकीचे कधीच दिसले नाही.

किल्लेदाराने त्याच दिवशी पहारी मागवल्या. पहिला दगड निखळून पडला तो आवाज ऐकून रुकैया धावत आली आणि खांबाला मिठी मारून बसली, असे सांगतात. "माझ्या डोळ्यांत शेवटचं हेच राहिलंय," ती म्हणाली. "तेही फोडता?"

बापाने पहार टाकली. धनगरांकडून घोंगड्या आणवून त्याने कमान झाकली, आणि मरेपर्यंत रोज दुपारी हे काम स्वतः केले. संगमरवराकडे मान वर करून मात्र त्याने पुन्हा पाहिले नाही.

डाव्या खांबातली ती निखळलेली जागा आजही बुजवत नाहीत. आजही गावातल्या आया अंगण ओलांडताना लेकराच्या डोळ्यांवर तळहात धरतात. आतल्या काळ्या सावलीत पोचल्यावर खाली बसतात आणि मगच हात काढतात. लेकराची पहिली नजर मशिदीवर नव्हे, आईच्या तोंडावर पडेल, अशा बेताने.